खासबागेत बाग कुठे आहे?

बेळगावात खासबाग नावाचा एक भाग आहे. शहापूर आणि वडगावला लागून असलेला, विणकरांचा. पूर्वी या बाजूच्या गल्ल्यांतून चालले की दोन्ही अंगांनी मागांचा खटखटाट कानांवर पडे. गेल्या वर्षी सुटीत माझी नात पुण्याहून आली होती. तिला घेऊन तिथल्या बाजारात गेलो. भाजीच्या पाट्या, कपड्यांचे ठेले, चुरमुऱ्यांची पोती, मराठीत विचारलेला भाव आणि कानडीत दिलेले उत्तर, असा आपला नेहमीचा बाजार. पिशवी भरली, आम्ही परत वळलो, आणि तिने विचारले, "आजोबा, बाग कुठं आहे?"

"कसली बाग?"

"खास बाग. तुम्हीच म्हणालात ना, खासबागेत जाऊ या."

मी हसून वेळ मारून नेली. पुण्यात राहणारी ही मुलगी दर दिवाळीला आईबरोबर तुळशीबागेत जाते. तिथे तुळशी कुठे आहेत, हे तिने कधी विचारलेले नाही. हिराबाग, बेलबाग, रमणबाग, माणिकबाग, पटवर्धन बाग. पुण्याच्या निम्म्या पत्त्यांत बागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींत आज बाग नाही. कुठे मंदिर आहे, कुठे शाळा, कुठे बाजार, कुठे नुसत्याच इमारती. कोल्हापूरच्या खासबागेत शाहू महाराजांनी कुस्तीचे मैदान बांधले. तिथे बागेपेक्षा मोठे काही झाले असे कोल्हापूरकर म्हणतील, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी छाती नाही.

पण तो 'खास' शब्द माझ्या मनात राहिला. खास म्हणजे खाजगी. खास बागेला भिंत असते, भिंतीला दरवाजा असतो आणि दरवाज्यावर माणूस असतो. भिंत पडली, दरवाजा गेला, झाडे गेली. नाव तेवढे उरले आणि ते सर्वांचे झाले. आज खासबागेत कुणीही जाऊ शकतो. फक्त तिथे बाग नाही.

एरवी हा प्रश्न मी बाजाराच्या पिशवीबरोबरच खाली ठेवला असता. पण त्याच आठवड्यात आत्याने मला मृत्युपत्र लिहायला बोलावले होते.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. वय शहाऐंशी. आयुष्यभर मुलींच्या शाळेत शिकवले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, लग्न केले नाही. एकोणीसशे चौसष्ट साली, जमीन स्वस्त असताना, तिने टिळकवाडीत बारा गुंठे घेतले. त्यावर तीन खोल्यांचे कौलारू घर बांधले, तेही एका कोपऱ्यात. उरलेल्या जागेत बाग केली. आमच्या घरात तेव्हा याची थट्टा होई. बारा गुंठ्यांत चार भाडेकरू ठेवता आले असते, ही बाई फुले ठेवते!

ही बाग परसबाग नव्हे. म्हणजे अळू, कढीलिंब, जास्वंद, एक शेवगा हे मागच्या बाजूला आहेच. पुढची बाग मात्र विलायती धाटणीची आहे. तांबड्या मुरमाची वळत जाणारी वाट, मध्ये हिरवळीचा एक लहानसा तुकडा आणि कुंपणाच्या कडेने फुलांचा लांब पट्टा. थंडीत या पट्ट्यात हॉलीहॉक पुरुषभर उंच होतात, त्यांच्या पुढे लार्क्सपर, मग अँटिर्‍हिनम, मग फ्लॉक्स आणि अगदी वाटेच्या कडेला पॅन्सी. ही मांडणी तिला एका माळ्याने शिकवली. तो कॅम्पातल्या बंगल्यांत वाढलेला, घरची भाषा कानडी. लहानपणापासून साहेबांच्या बागेत पाणी घालत मोठा झाला आणि साहेब गेल्यावर पंधरा-वीस वर्षे मिळेल ते काम करत राहिला. आत्याला त्याने पहिल्याच दिवशी सांगितले म्हणे, "बाई, मागं उंच, पुढं बुटकं. शाळेच्या फोटोगत." या पट्ट्याला तो 'बाडर' म्हणायचा. आपल्या भागात बॉर्डर हा शब्द निघाला की माणसे खुर्ची पुढे ओढून बसतात. आयोग, ठराव, तारखा सुरू होतात. त्या घरात मात्र बॉर्डर म्हणजे फुलांचा पट्टा. जेवताना "बॉर्डर सुकली का रे?" असे आत्याने विचारलेले ऐकून एकदा आमचे एक पाहुणे घास हातात धरून थांबले होते.

कॅम्पातल्या त्या बागांचे मला लहानपणापासून कुतूहल आहे. १८१८ साली मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे लष्कराची छावणी इथे कायमची झाली. गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही. अडीच हजार फुटांची उंची, तांबडी माती, भरपूर पाऊस आणि थंडीत बोचरी हवा. विलायतेतली फुले इथे तीन-चार महिने का होईना, नांदू शकत होती. पण नवल याचे की ज्यांनी बागा लावल्या ते इथले नव्हतेच. दोन-चार वर्षांनी बदली ठरलेली. छावणीतल्या बऱ्याच बंगल्यांखालची जमीनही सरकारची, वर उभे घर तेवढे राहणाऱ्याचे. मुक्काम हलणार हे ठाऊक असलेला माणूस बाग का लावतो? घरची आठवण म्हणून, हे एक उत्तर. आपल्यामागून येणाऱ्या साहेबाच्या बायकोलाही हीच आठवण येईल हे त्याला माहीत होते, हे दुसरे. मला दुसरे जास्त आवडते, पण पहिलेच खरे असण्याचा संभव अधिक आहे.

त्या बागांचे उगाच गोडवे गायला नकोत. पाणी पखालीतून यायचे आणि पखाल भिश्त्याच्या पाठीवर असायची. बंगल्याच्या दिवाणखान्यात माळ्याला येता येत नसे. हिरवळीवर चहा पिणाऱ्यांची छायाचित्रे निघाली, ती हिरवळ राखणाऱ्याचे नाव कुठेच नाही. आत्याला हे मी एकदा तावातावाने ऐकवले, तेव्हा ती म्हणाली, "खरं आहे. पण फुलाचा त्यात काय दोष?" दसऱ्याला आपण ज्याची तोरणे बांधतो तो झेंडू मेक्सिकोतून आलेला, गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल ब्राझीलची. रोप एकदा मातीत रुजले की ते कुठून आले हे त्याला विचारून उपयोग नसतो. ही गोष्ट सीमाभागातल्या आपल्यासारख्या माणसांनी तरी समजून घ्यावी.

तर मृत्युपत्र. घर, ठेवी, चार दागिने, पुस्तके; सगळे भराभर झाले. आत्याने हजेरी घ्यावी तशी नावे सांगितली आणि मी लिहिली. शेवटी बाग आली. ती गप्प झाली. मी कागदावर 'बागेची जागा' एवढे लिहून पुढे चार ओळी कोऱ्या सोडल्या.

त्या रात्री भावंडांना फोन केले. पुण्याच्या चुलतभावाने सरळ सांगितले, "आत्या आहे तोवर बाग. नंतर तिचं करणार कोण?" टिळकवाडीत बारा गुंठ्यांचा आजचा भाव मी इथे लिहीत नाही, बेळगावच्या वाचकाला तो ठाऊक आहे आणि बाहेरच्याचा विश्वास बसणार नाही. चुलतभाऊ लोभी नाही. त्याच्या मुलाचे घराचे कर्ज आहे, बायकोचे गुडघ्याचे ऑपरेशन आहे. परदेशातली बहीण म्हणाली, "ट्रस्ट करा ना, लोकांना बघायला उघडी ठेवा." ट्रस्टवर कोण बसणार, असे विचारल्यावर म्हणाली, "तू आहेस की तिथं." मी निपाणीत राहतो, सत्तरी ओलांडली आहे, आणि साधी कुंडीतली तुळससुद्धा माझ्याकडे दोन वर्षे टिकलेली नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या रात्री कुणालाच सांगितली नाही. अशा कागदावर मी याआधी एकदा सही केलेली आहे.

माझे आजोळ निपाणीचेच. आजोबा तंबाखूचे व्यापारी. वखारीच्या मागे विहीर आणि विहिरीभोवती त्यांची बाग होती. तंबाखूच्या हंगामात सगळ्या गावाला एक उग्र वास असतो. शिंका आणि तंबाखू हे निपाणीकराचे बालपण. त्या वासातून धावत मागे गेले की बकुळ, मोगरा, सोनचाफा. आजोबांनी बकुळीखाली दगडी ओटा बांधला होता आणि संध्याकाळी मागचे दार उघडे ठेवायची त्यांची पद्धत होती. आसपासच्या बायका, विडीकामाहून परतणाऱ्याही, येऊन घटकाभर टेकत, ओंजळभर फुले वेचून नेत. १९९३ साली ती जागा विकली. सात वारस होते. आईच्या वाट्याची सही माझी. माझ्या वाट्याला आलेल्या पैशांत मुलीचे इंजिनिअरिंग झाले. मला पश्चात्ताप झाला का? प्रामाणिकपणे सांगतो, नाही. मुलगी शिकली, तिच्या पायांवर उभी राहिली, ती आज त्या प्रश्न विचारणाऱ्या नातीची आई आहे. बकुळीच्या जागी आता झेरॉक्सचे दुकान आहे. तो दुकानदार भला आहे, त्याचे काही चुकलेले नाही. पण विक्रीनंतर कित्येक महिने एक म्हातारी संध्याकाळी त्या दाराशी येऊन उभी राहायची, असे शेजाऱ्यांनी सांगितले. झाड तोडले त्या दिवशी मी गावातच होतो. मुद्दाम तिकडे गेलो नाही.

त्या म्हातारीचे आम्ही काय लागत होतो? कायद्याने काहीच नाही. जागा आमची, झाड आमचे, दार आमचे. दार उघडे ठेवणे हा आजोबांचा चांगुलपणा, तो वारशात येत नाही. मात्र तीस-चाळीस वर्षे दार उघडे राहिले तर बाहेरच्या माणसाचा त्यावर काहीतरी हक्क निर्माण होतो, असे मला वाटते. त्याला नाव काय द्यावे ते मात्र मला सुचत नाही. मालकी नव्हे. भीकही नव्हे. पायवाटेचा हक्क असतो ना शेतातून जाण्याचा, तसे काहीतरी.

आणि जे अजून जन्मलेच नाहीत त्यांचे काय? त्यांचे आपण देणे लागतो हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. आजा आंबा लावतो, नातू खातो. परंतु आंबा आणि बाग यांत मोठा फरक आहे आणि सारा घोटाळा या फरकाशी होतो. आंबा पुढच्या पिढीकडून एवढेच मागतो की मला तोडू नका. बाग मागते की उद्या पहाटे उठा. परवाही उठा. हॉलीहॉकचे आयुष्य एका हंगामाचे. बी धरले नाही, नवरात्रात पेरले नाही, तर पुढच्या थंडीत पट्टा रिकामा. दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की तणाने वाट गिळलीच. तेव्हा 'बाग तोडू नका' असे मृत्युपत्रात लिहून बाग राहत नाही. मृत्युपत्राने जमीन देता येते, पहाटे उठणे कसे देणार?

विलायतेत हा प्रश्न लोकांनी कसा सोडवला हे पाहावे म्हणून थोडे वाचले. तिथे १९२७ साली एक साधी कल्पना निघाली. घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता. एल्सी वॅग नावाच्या बाईंनी सुचवले की ज्यांच्या खाजगी बागा चांगल्या आहेत त्यांनी त्या एखादा दिवस लोकांना उघडाव्यात, माणशी एक शिलिंग घ्यावा. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. ही योजना अजून चालू आहे. मला यातला पैशाचा भाग दुय्यम वाटतो. मुख्य हे की मालक जिवंत असताना, त्याच्या हाताला माती लागलेली असताना, फाटक उघडले. येणाऱ्याला फुलांबरोबर माणूसही भेटला.

सिसिंगहर्स्टची गोष्ट याहून बोलकी आहे. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ही लेखिका आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकल्सन यांनी १९३० साली एक पडका वाडा घेतला आणि त्याभोवती बाग उभी केली. १९३८ साली ती शिलिंगभर शुल्क घेऊन लोकांना उघडली. येणाऱ्यांना व्हिटा लाडाने 'शिलिंगवाले' म्हणे. मात्र बाग नॅशनल ट्रस्टला द्यावी असे मुलाने सुचवले तेव्हा तिने ते धुडकावून लावले. माझी बाग कुण्या मंडळाच्या ताब्यात? छे. १९६२ साली ती गेली आणि वारसाकराचे ओझे आले. अखेर १९६७ साली बाग ट्रस्टकडेच गेली. (त्याच वर्षी आपल्याकडे महाजन आयोगाचा अहवाल आला, ती बॉर्डर निराळी.) पण बाग टिकली ती ट्रस्टच्या कागदांनी नव्हे. व्हिटा असतानाच, १९५९ साली, पॅमेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर या दोघी तरुणी मुख्य माळी म्हणून आल्या होत्या. तीन वर्षे त्यांनी तिच्याबरोबर काम केले आणि ती गेल्यावर पुढे सुमारे तीस वर्षे केले. त्यांनी झाडे बदलली, फुलांचा हंगाम लांबवला, काही जाती काढून टाकल्या. जाणकार म्हणतात, त्यांच्या हाती बाग अधिक सुंदर झाली.

याच्या उलट हिडकोट. लॉरेन्स जॉन्स्टन या गृहस्थांनी तीस-चाळीस वर्षे खपून केलेली ही बाग १९४८ साली ट्रस्टने घेतली. निव्वळ बागेसाठी म्हणून ट्रस्टने स्वीकारलेली ती पहिलीच. जॉन्स्टन फ्रान्सला निघून गेले. मागे फारशा नोंदी ठेवल्या नव्हत्या. मग पुढच्यांनी आपापल्या अंदाजाने राखली आणि मूळची कशी होती याचा शोध घेण्यात नंतरच्यांची वर्षे गेली. कॉर्नवॉलमधल्या हेलिगनच्या बागेचे तर माळीच पहिल्या महायुद्धावर गेले, त्यांतले बरेच परतले नाहीत, आणि बागेवर रान माजले. १९९० नंतर ते रान साफ करताना माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली त्यांची नावे सापडली. खाली ऑगस्ट १९१४. मालकाचे नाव दगडात, माळ्यांची नावे तिथे.

हे वाचताना मला आठवण झाली ती आपल्या गाण्याची. बेळगाव-धारवाड पट्ट्यातल्या माणसाला घराणे म्हणजे काय हे सांगायला नको. गायकी मुलाला मिळते असे नाही, ती शिष्याला मिळते. बंदिशीचे शब्द आणि स्वरलेखन कुणालाही विकत मिळेल. ती गळ्यात बसते ती गुरूसमोर बसून. आणि नुसती नक्कल करणाऱ्या शिष्याला कुणी मोठा म्हणत नाही. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीत, कानडी घरात जन्मले, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, देवासला राहिले आणि घराण्यांच्या चौकटी मोडल्याबद्दल त्यांनी बोलणीही खाल्ली. परंपरा त्यांनी मोडली की पुढे नेली, हा वाद त्यांच्या हयातीतच सुरू झाला. मराठी माणूस तर ते आपलेच म्हणतो. त्या दोघी माळिणी व्हिटाच्या वारस नव्हत्या, शिष्या होत्या. म्हणून त्यांना बदलण्याचा अधिकार होता. मला वाटते बागेचा वारसा असाच चालतो. सातबारावर ज्याचे नाव लागते तो जमिनीचा वारस. बागेचा वारस तो, ज्याला कुठले रोप का काढायचे हे कळते.

आपल्याकडे जपण्याच्या दोन रीती आहेत, त्यांचाही विचार मी करून पाहिला. एक देवराई. खानापूरच्या जंगलपट्ट्यात अजून अशी राने आहेत की जिथली वाळकी काटकीही उचलायची नाही, देव कोपतो. झाडांसाठी याहून चोख कायदा नाही. पण रानाला माळी लागत नाही. तिथे माणसाने न जाणे हीच सेवा. आत्याच्या पॅन्सींना देवाच्या भरवशावर सोडून भागणार नाही. दुसरी रीत सरकारची. बेंगळूरचे लालबाग हैदर अलीने १७६० साली स्वतःसाठी सुरू केले. टिपू, मग इंग्रज, मग म्हैसूर सरकार, मग राज्य सरकार. इतके हात बदलूनही आज ते लोकांचे आहे आणि १९७५ साली त्याच्या रक्षणासाठी खास कायदाही झाला. मुंबईची राणीची बाग १८६२ पासून लोकांना उघडी आहे. तिचा मोठा कायापालट करण्याचा बेत २००७ साली पुढे आला, तेव्हा झाडे ओळखणाऱ्या चार बायका-माणसांनी आवाज उठवला म्हणून निदान चर्चा झाली. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोचेच पाहा. देवीची लस तयार करायची ती जागा. बाग म्हणून कुणी लावलेली नाही, तरी बेळगावच्या कित्येक पिढ्या तिथल्या झाडांखाली फिरल्या आणि तिथे कुऱ्हाड पडणार म्हटल्यावर माणसे धावली. जागा कुणाची, हे त्या वेळी कुणी विचारले नाही. मात्र बारा गुंठ्यांसाठी सरकार कायदा करणार नाही. आणि केलाच तर काँक्रीटचा बगळा आणि 'फुले तोडू नयेत'ची पाटी यांच्यापलीकडे बाग कितपत उरेल याची मला शंका आहे.

पाण्याचाही एक प्रश्न आहे. उन्हाळ्यात राकसकोपचे पाणी खाली गेले की शहरात चार-चार दिवसांनी नळ येतो. अशा वेळी हिरवळीला पाणी घालणे नीतीत बसते का? आत्याने हे उत्तर मला न विचारताच दिले. गेली काही वर्षे मार्चनंतर ती हिरवळ वाळू देते. "पावसात येते परत," म्हणते. विलायती बागेने बेळगावचा उन्हाळा मान्य केला, एवढा बदल त्या माळ्याच्या हयातीत झाला नव्हता.

हे सगळे मी तिला वाचून दाखवले. 'शिलिंगवाले' ऐकून ती खूप हसली. मग म्हणाली, "मेल्यावर उघडायची कशाला? आत्ताच उघडू या की."

आणि खरेच, या वर्षी जानेवारीतले दोन रविवार फाटक उघडे ठेवले. फाटकावर पुठ्ठ्याची पाटी लावली, वर मराठीत, खाली कानडीत. कानडी अक्षर त्या पहिल्या माळ्याच्या नातीचे. आजोबा, मग वडील, आता ही. सकाळी दोन तास बागेत असते, नंतर एका दुकानात हिशेब लिहिते. घरात कानडी, आमच्याशी मराठी, आणि फुलांशी बोलताना काय बोलते ते मी नीट ऐकलेले नाही. अबोलीला ती कनकांबर म्हणते, चाफ्याला संपिगे. हॉलीहॉकला मात्र तिघांच्याही तोंडी एकच नाव.

लोक आले. गल्लीतले आले, कॅम्पातून आले, एक कुटुंब खानापूरहून आले. एका आजोबांनी आमचे लक्ष नाही असे पाहून पूजेला फुले तोडली आणि पिशवीत टाकली. त्या पोरीने त्यांना काही न बोलता मागच्या जास्वंदीकडे नेले. डब्यात जे पैसे पडले ते पाण्याच्या टँकरला गेले. संध्याकाळी हिरवळीवर पेरूच्या बिया आणि कुणाची तरी एक चप्पल सापडली. आत्या दमली होती, पण दोन्ही दिवस तिच्या खुर्चीभोवती कुणी ना कुणी होते आणि ती मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगत होती, मागे उंच, पुढे बुटके.

नंतरच्या आठवड्यात तिने मला पुन्हा कागद काढायला लावला. "लिही. खुरपं, कातऱ्या, झारी, बियांचे डबे आणि वही, हे सगळं तिला." वही म्हणजे साठ वर्षांची नोंद. कधी पेरले, कधी उगवले, कुठल्या वर्षी कीड पडली. आधी नुसते आत्याचे अक्षर, अलीकडे मधूनमधून कानडी ओळी.

"आणि जागा?" मी विचारले.

"ती तुम्हा भावंडांची. मी काही लिहीत नाही. तुमचं तुम्ही बघा."

मला वाटले होते ती मला मोकळे करील. निपाणीच्या वेळी निदान सात सह्या होत्या.

चार ओळी अजून कोऱ्या आहेत. निम्मी जागा विकून निम्मी बाग राखावी, असे एक मनात आहे. पुढची अर्धी रस्त्याला लागून आहे, तिचाच भाव जास्त, आणि फुलांचा पट्टाही तिथेच. चुलतभावाशी बोललो, तो ऐकून घेतो, हो म्हणत नाही. परवा टिळकवाडीत गेलो होतो. वहीत घटस्थापनेची नोंद होती, अक्षर त्या पोरीचे, या वेळी मराठीत: हॉलीहॉक पेरले, बी घरचे. एका शब्दात तिची वेलांटी चुकली होती आणि आत्याने लाल शाईने ती दुरुस्त केली होती.

दिवाळीला सगळी भावंडे बेळगावात येणार आहेत. तोवर रोपांना चार-चार पाने फुटलेली असतील.